सव्वा लाखात किती डॉल्फिन मोजून होतात? सिंधुदुर्गातील एका छोट्या अनुदानाची आखणी

तिघांचा चमू आहे. एक सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, एक पक्ष्यांच्या छायाचित्रणात हात बसलेला, आणि एक देवबागचा, ज्याच्या घरात मासेमारीची होडी आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगत हम्पबॅक डॉल्फिन किती आहेत, हे त्यांना शोधायचे आहे. एका परदेशी संस्थेचे १,५०० डॉलरचे अनुदान मिळण्याजोगे आहे आणि अर्ज दोन पानांत बसवायचा आहे. त्यांचा पहिला मसुदा कुठे फसतो, दुसरा कसा उभा राहतो आणि पैसे मिळाल्यावर समुद्रात आणि कागदावर काय काय करावे लागते, ते इथे क्रमाने मांडले आहे. हा चमू आणि त्याचे दर-आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. प्राणी, किनारा, कायदे आणि आकडेमोडीची सूत्रे खरी आहेत.

देवमासे आणि डॉल्फिनवरच्या क्षेत्रीय कामासाठी छोटी रक्कम देणाऱ्या संस्था जगात मोजक्याच. सोसायटी फॉर मरीन मॅमॉलॉजी आणि सिटेशियन सोसायटी इंटरनॅशनल यांची अनुदाने साधारणपणे काही शे ते दोनेक हजार डॉलरच्या घरातली असतात. रफर्ड फाउंडेशनची पहिली पायरी याहून मोठी, काही हजार पौंडांची. पण तिथे स्पर्धाही मोठी, कारण वाघापासून बेडकापर्यंत सगळे विषय एकाच रांगेत उभे असतात. अशा छोट्या अनुदानांतून पगार, संस्थेचा व्यवस्थापन खर्च आणि परिषदेचा प्रवास बहुतेक वेळा मिळत नाही. होडी, इंधन, मुक्काम, भाड्याची उपकरणे यांना मात्र ती चालतात. अर्ज वाचणारे स्वतः याच विषयातले शास्त्रज्ञ असतात. एका दिवसात होडीवरून किती काम होते ते त्यांना पाठ असते, म्हणून हिशेब फुगवला की पहिल्या वाचनातच उघडा पडतो.

प्राणी आणि पाणी

आपल्या किनाऱ्यावरचा हम्पबॅक डॉल्फिन म्हणजे सूसा प्लम्बिया. दक्षिण आफ्रिकेपासून अरबी समुद्राच्या कडेकडेने भारतापर्यंत त्याचा वावर आहे. तो उथळ पाण्यातला प्राणी. खोली सहसा २५ मीटरच्या आत, किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर, आणि खाडीच्या मुखाशी त्याचे दिसणे जास्त. नेमक्या याच पट्ट्यात गिलनेट लागतात, रापण ओढली जाते आणि पर्यटकांच्या होड्या फिरतात. २०१७ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) यादीत त्याची नोंद ‘धोक्यात’ या वर्गात झाली. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन विणींत सहसा काही वर्षांचे अंतर असते. त्यामुळे एका छोट्या समूहातून वर्षाला दोन-तीन प्रौढ माद्या जाळ्यात गेल्या तरी तो समूह घसरणीला लागतो. ‘किती आहेत’ हा प्रश्न या चमूला इतका महत्त्वाचा वाटतो तो यामुळेच, आणि तो महत्त्वाचा आहेही.

पहिला मसुदा

पहिल्या मसुद्यात चमूने अख्ख्या जिल्ह्याचा किनारा घेतला, सुमारे १२० किलोमीटर. किनाऱ्याला काटकोनात प्रत्येकी आठ किलोमीटरच्या वीस रेषा आखल्या, ठरलेल्या वेगाने त्या रेषांवरून जायचे, डॉल्फिन दिसला की अंतर आणि कोन नोंदवायचा, आणि त्यावरून घनता काढायची. रेषा-सर्वेक्षणाची ही पद्धत जगभर वापरली जाते आणि शास्त्र म्हणून तिच्यात खोट नाही. अडचण हिशेबात आहे.

डॉलर ८५ रुपयांचा धरला तर १,५०० डॉलरचे १,२७,५०० रुपये होतात. बँकेची कपात आणि विनिमयातली घट तीन हजार धरली की हातात १,२४,५०० राहतात. तांडेल आणि खलाशासह फायबरची होडी दिवसाला ४,००० रुपये आणि पेट्रोल सुमारे २,०००, म्हणजे एक दिवस ६,००० ला पडतो. प्रवास, मुक्काम आणि इतर खर्च वजा केल्यावर ताणून ताणून १५ दिवस बसतात.

आता समुद्राचा दिवस. सकाळी मतलई वारा असतो तोवर पाणी शांत. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू झाला की पाण्यावर पांढरी शिरे दिसू लागतात, आणि त्या गर्दीत डॉल्फिनची पाठ हरवते. म्हणजे उपयोगाचे चार तास. ताशी १२ किलोमीटर वेगाने ४८ किलोमीटर होतात, पण एका रेषेवरून दुसरीवर जाण्यात बरेच अंतर वाया जाते आणि प्रत्यक्ष रेषेवर जेमतेम ३० किलोमीटर काम होते. पंधरा दिवसांत ४५० किलोमीटर. दर १०० किलोमीटरला तीन गट दिसतील असे मानले तर अख्ख्या हंगामात तेरा-चौदा गट.

या पद्धतीत किती अंतरावर किती गट नजरेतून सुटतात, याचा वक्र बसवावा लागतो. त्यासाठी ६० ते ८० गट दिसणे गरजेचे मानले जाते. नियोजनाचे नेहमीचे सूत्र सोपे आहे: अंदाजातली सापेक्ष चूक म्हणजे साधारण ३ भागिले दिसलेल्या गटांची संख्या, याचे वर्गमूळ. १३.५ गट धरले तर ती ४७ टक्के येते. अंदाज २०० डॉल्फिनचा निघाला, तर ९५ टक्के विश्वासाची मर्यादा ८३ ते ४८० अशी पसरते. या आकड्यावरून पाच वर्षांनी संख्या निम्मी झाली की दुप्पट, हेही कळणार नाही. चूक २० टक्क्यांवर आणायची तर ७५ गट लागतील, म्हणजे २,५०० किलोमीटर, म्हणजे ८० हून अधिक दिवस, म्हणजे फक्त होडीचेच पाच लाख रुपये.

हा हिशेब एका कागदावर अर्ध्या तासात होतो आणि तो अर्ज लिहिण्याआधी व्हायला हवा. उत्साही तरुणांचे बरेच अर्ज इथेच पडतात. पैसे कमी पडले हे खरे कारण नसते. त्या पैशांत ज्याचे उत्तर मिळणारच नाही असा प्रश्न विचारलेला असतो. यात निराश होण्यासारखे काही नाही. प्राणी तोच, किनारा तोच, फक्त प्रश्न १२ दिवसांच्या होडीत मावेल इतका करायचा.

दुसरा मसुदा

दुसऱ्या मसुद्यात चमूने आचरा ते निवती एवढाच पट्टा घेतला, सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर. मधोमध मालवण, दक्षिणेला देवबागजवळ कर्ली खाडीचे मुख. प्रश्न असा ठेवला: या पट्ट्यात एका हंगामात ओळखू येण्याजोगे किती हम्पबॅक डॉल्फिन वावरतात, आणि त्यांपैकी किती पुन्हा पुन्हा इथेच दिसतात? पद्धत छायाचित्र-ओळखीची. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला खाचा, चिरा, तुटलेले कोपरे असतात. त्या वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांवरून एकेक प्राणी ओळखता येतो.

सहा दिवसांचे दोन टप्पे ठरले: पहिला डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दुसरा फेब्रुवारीत. एक दिवस मालवणहून उत्तरेला, दुसऱ्या दिवशी दक्षिणेला. जाताना किनाऱ्यापासून सुमारे अर्धा किलोमीटर, परतताना दोन किलोमीटर बाहेरून. निवतीच्या आणि मालवणच्या खडकांमुळे ही रेषा कागदावर आखता येत नाही. ती तांडेलाबरोबर नकाशा मांडून, भरती-ओहोटी पाहून ठरवायची.

आकडे कसे येतील ते उदाहरणाने पाहू. पहिल्या टप्प्यात खुणांचे ३० वेगवेगळे डॉल्फिन ओळखले, दुसऱ्यात २८, आणि त्यांपैकी ९ पहिल्या टप्प्यातलेच निघाले. पुन्हा दिसलेल्यांच्या प्रमाणावरून एकूण संख्या काढणाऱ्या चॅपमनच्या सूत्राने (३१ × २९ ÷ १०) − १, म्हणजे सुमारे ८९ खुणांचे डॉल्फिन. सापेक्ष चूक २० टक्के, मर्यादा साधारण ६० ते १३१. चांगल्या छायाचित्रांतल्या प्रौढांपैकी ६० टक्क्यांना खुणा असतील, तर खुणा नसलेले धरून एकूण १४८ च्या आसपास. या ६० टक्क्यांतही चूक असते आणि ती शेवटच्या मर्यादेत मिळवावी लागते. तरीही जवळपास त्याच पैशांत चूक निम्म्याहून कमी झाली. शिवाय ४९ प्राणी प्रत्यक्ष ओळखून संग्रहात आले, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या कुणालाही ते वापरता येतील.

ही पद्धतही फसू शकते. पुन्हा दिसलेले ९ ऐवजी २ च निघाले तर अंदाज थेट ३०० च्या घरात जातो आणि चूक ४५ टक्क्यांवर. अशा वेळी अंदाज छापू नये. ‘किमान ५६ ओळखलेले प्राणी’ एवढेच लिहावे. दुसरे असे की हे गणित दोन टप्प्यांच्या मधे कुणी आत आले नाही, कुणी बाहेर गेले नाही असे मानते. हे डॉल्फिन किनाऱ्याने दहा-वीस किलोमीटर सहज ये-जा करतात. म्हणून आलेला आकडा ‘या हंगामात हा पट्टा वापरणाऱ्या’ प्राण्यांचा. जिल्ह्याच्या संख्येशी त्याचा संबंध जोडायचा नाही. अर्जात हे वाक्य आधीच लिहिलेले असले तर परीक्षकाचा विश्वास वाढतो.

खर्चाचा तक्ता असा झाला:

होडी, १२ दिवस × ६,००० — ७२,०००
हवामानासाठी राखीव दोन दिवस — १२,०००
प्रवास आणि गावात खोली — १४,०००
१००–४०० मिमी लेन्सचे भाडे, १४ दिवस × ७०० — ९,८००
दोन हार्ड डिस्क — ९,०००
लाइफ जॅकेट आणि अपघात विमा — ४,२००
गावातली बैठक आणि छापील छायाचित्र-पत्रके — ३,५००
एकूण — १,२४,५००

कॅमेरा विकत घेण्याची मागणी नाही, कारण तो चमूकडे आहे. फक्त १२ दिवसांसाठी लेन्स विकत घेण्याचे कारणही नाही. हार्ड डिस्क मात्र दोन हव्यातच: एक मुक्कामाच्या खोलीत, दुसरी वेगळ्या घरात. मीठ आणि दमट हवेत एक डिस्क बिघडली तर अख्खा हंगाम गेला. राखीव दिवसांचा खर्च काहींना जादा वाटतो. तो काढून टाकला की वारा चढलेल्या सकाळीही ‘पैसे भरलेत, चला’ म्हणून चमू बाहेर पडतो आणि निरुपयोगी माहिती घेऊन परततो.

पैसे कोणाच्या खात्यात?

भारतातले छोटे अनुदान सर्वांत जास्त वेळा अडते ते इथे, आणि बहुतेकांना हे मंजुरीचे पत्र आल्यावरच कळते. परदेशातून आलेला निधी परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली येतो. शैक्षणिक किंवा सामाजिक कार्यक्रमासाठी असा निधी घ्यायचा तर केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा त्या एका निधीपुरती पूर्वपरवानगी लागते. कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या व्याख्येत संस्थेबरोबर एकटा माणूसही येतो. म्हणून ‘रक्कम छोटी आहे, माझ्या बचत खात्यात पाठवा’ हा मार्ग धरू नये.

पूर्वी एक वाट होती: नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेने पैसे घ्यायचे आणि छोट्या नोंदणीकृत संस्थेकडे वळते करायचे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ती बंद झाली. आता एका संस्थेने घेतलेले परकीय अंशदान दुसरीला देता येत नाही. त्याच दुरुस्तीने निधी स्वीकारण्याचे खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडणे बंधनकारक केले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली.

या चमूपुढे तीन वाटा उरतात. पहिली, नोंदणी असलेल्या संशोधन संस्थेने स्वतः अर्जदार व्हायचे, प्रकल्प तिचा, आणि चमू तिच्या वतीने क्षेत्रावर काम करणार. होडीचे बिल संस्थेच्या नावाने, पैसेही संस्थाच देणार. दुसरी, कायद्याने स्थापन झालेले आणि महालेखापरीक्षकांकडून हिशेब तपासले जाणारे विद्यापीठ किंवा संस्था. अशांना केंद्राच्या अधिसूचनेने सूट आहे, पण आपले विद्यापीठ त्यात बसते का ते त्याच्या वित्त विभागाकडून लेखी घ्यावे. तिसरी, देशातलाच निधी शोधणे. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठान सागरी जैवविविधतेवरच्या संशोधनाला साहाय्य करते, आणि त्या पैशाला हा कायदा लागत नाही. पूर्वपरवानगीची वाट कागदावर आहे, पण देणाऱ्याचे हमीपत्र, नोंदणीकृत संस्था आणि गृहमंत्रालयाची प्रक्रिया एवढे सगळे १,५०० डॉलरसाठी उभे करताना हंगाम निघून जातो.

चमूने पहिली वाट धरली तर एक गोष्ट आधीच मिटवावी. यजमान संस्था व्यवस्थापन खर्च म्हणून दहा टक्के मागू शकते, देणारी संस्था तो मान्य करत नाही, आणि साडेबारा हजारांचा हा वाद मंजुरीनंतर निघतो. अर्ज पाठवण्यापूर्वी दोघांचीही लेखी संमती हवी, आणि सगळ्या व्यवस्थेवर सनदी लेखापालाचे मत. उपकरण भेट म्हणून पाठवले तर कायदा लागत नाही असाही समज आहे. वस्तूसुद्धा परकीय अंशदानच धरली जाते. सूट आहे ती वैयक्तिक वापरासाठीच्या, ठरावीक मूल्याच्या आतल्या भेटीला.

परवानग्या

सगळे डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. लांबून पाहणे आणि छायाचित्र काढणे वेगळे. पकडणे, खूण बसवणे, त्वचेचा नमुना घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला कलम १२ खालची विशेष परवानगी लागते आणि अनुसूची १ च्या प्राण्यांसाठी केंद्राची पूर्वसंमतीही. छोट्या अनुदानाच्या एका हंगामात ती बसत नाही, म्हणून चमूने नमुने घेण्याचा विचार सोडला. किनाऱ्यावर मेलेला प्राणी वाहून आला तरी तुकडा कापून घ्यायचा नाही, वनविभागाला कळवायचे. केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा घटनांची कार्यपद्धती दिली आहे.

पण या पट्ट्याच्या मधोमध मालवण सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली घोषित झालेले, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्याच्या हद्दीत अभ्यासासाठी किंवा छायाचित्रणासाठी शिरायला कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्ज वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत जातो आणि उत्तर यायला काही महिने धरावेत. अर्जासोबत तारखांचा पट्टा, होडीचा नोंदणी क्रमांक, सगळ्यांची ओळखपत्रे, पद्धतीचे एक पान आणि डॉल्फिनपासून किती अंतर राखणार ते लिहिलेले असावे. अनुदानाचा निकाल येईपर्यंत थांबून मग परवानगी मागणे ही नेहमीची चूक. निकाल ऑक्टोबरमध्ये आला आणि अर्ज तेव्हा गेला, तर डिसेंबरचा टप्पा हातचा गेलाच समजा. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते. कागदपत्रांसाठी तेच दिवस वापरावेत.

सागरी पोलीस ठाण्याला आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला तारखा लेखी कळवाव्यात. अनोळखी माणसे मोठ्या लेन्स घेऊन किनाऱ्यालगत फेऱ्या मारताना दिसली की चौकशी होणारच, आणि ती व्हायलाही हवी. उपग्रहावरून संदेश पाठवणारे खिशातले यंत्र परदेशातल्या क्षेत्रकामात सर्रास असते. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणे गुन्हा आहे, देणाऱ्या संस्थेच्या सुरक्षा यादीत लिहिले असले तरी. त्याऐवजी होडीवर चालू व्हीएचएफ रेडिओ आणि किनाऱ्यावर परतीची वेळ माहीत असलेला एक माणूस. ड्रोन या अर्जात नकोच. त्याचे नियम वेगळे, किनाऱ्यावरची बंधने वेगळी, आणि पराच्या खाचा वरून दिसत नाहीत.

होडीवर

होडीचा करार साध्या मराठीत एका पानावर लिहावा: दिवसाचा दर, पेट्रोल कोणाचे, किती वाजता सुटायचे, आणि वाऱ्यामुळे तासाभरात परतावे लागले तर किती पैसे. अर्धा दर ही दोन्ही बाजूंना परवडणारी तडजोड. बांगडा किंवा तारली जोरात लागली की कुठलाही तांडेल सहा हजारांसाठी थांबणार नाही, आणि त्याने थांबावे अशी अपेक्षाही योग्य नाही. म्हणून दोन होड्यांशी बोलून ठेवावे. नाताळ ते नवे वर्ष या आठवड्यात मालवण, तारकर्ली आणि निवतीला पर्यटकांची झुंबड असते. होडीचे दर चढतात, आणि पर्यटकांच्या होड्यांनी घेरलेला गट धड छायाचित्रही देत नाही. चमूने पहिला टप्पा १५ डिसेंबरच्या आत ठेवला तो यासाठी. शनिवार-रविवारही टाळले.

सकाळी साडेसहाला सुटायचे. दोघे निरीक्षक, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि तिसरा नोंदी घेणारा. दर अर्ध्या तासाने जागा बदलायची, कारण चकाकत्या पाण्याकडे बघून डोळे थकतात. दर १५ मिनिटांनी वेळ, जीपीएसवरची जागा, समुद्राची अवस्था, चकाकी आणि नजरेच्या टप्प्यातल्या मासेमारी होड्यांची संख्या लिहायची. डॉल्फिन दिसला नाही त्या दिवसाचीही. पुढे कुणी ‘इथे ते कमी का दिसतात’ असे विचारले, तर उत्तर या रिकाम्या रकान्यांतूनच निघते. ब्यूफोर्टच्या मापावर तीनच्या वर वारा गेला की काम थांबवायचे. फिनलेस पॉरपॉइज हा डॉल्फिनचा छोटा नातलगही या पट्ट्यात आहे, पण त्याला पाठीवर परच नसल्याने छायाचित्र-ओळख होत नाही. अगदी शांत पाण्यात दिसला तर जागा आणि संख्या लिहून पुढे जायचे. २०१५ मध्ये कुणकेश्वरसमोर निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली होती. तेव्हा मोठा फवारा दिसला तर काय काय लिहायचे, याचा रकाना पत्रकात असू द्यावा.

गट दिसला की वेग कमी करायचा आणि मागून किंवा समोरून न जाता बाजूने, समांतर सरकायचे. ५० मीटरच्या आत होडी न्यायची नाही. ते स्वतः जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला. एका गटाबरोबर ३० मिनिटे, त्याहून जास्त नाही. पिल्लू असेल, किंवा डुबी लांबू लागली आणि दिशा सतत बदलू लागली, तर आधीच निघायचे.

छायाचित्राची शटर गती १/१००० सेकंद किंवा अधिक वेगवान, सूर्य पाठीशी, पर कॅमेऱ्याला काटकोनात. सगळ्यांत महत्त्वाचे असे की प्रत्येक प्राण्याचे छायाचित्र घ्यायचे, खाच दिसो वा न दिसो. हात आपोआप खाचांच्या, ओळखीच्या पराकडे वळतो. तसे झाले की खुणा असलेल्यांचे प्रमाण फुगते आणि एकूण अंदाज खाली येतो. सकाळी पहिले छायाचित्र जीपीएसच्या पडद्याचे काढावे, म्हणजे कॅमेऱ्याच्या घड्याळातला फरक नंतर काढता येतो. हे एक छायाचित्र विसरल्यामुळे कोणता गट कुठे दिसला हे कधीच न कळलेली कितीतरी माहिती लोकांच्या संगणकांत पडून असते.

संगणकापुढे

समुद्रावरच्या एका दिवसामागे छायाचित्रांचे तीन-चार दिवस धरावेत. आधी फक्त दर्जा ठरवायचा: नेमकेपणा, कोन, पराचा आकार, पाण्याने झाकलेला भाग. या वेळी प्राणी कोणता ते बघायचे नाही, कारण ओळखीचा पर पुसट छायाचित्रातही ‘चांगला’ वाटू लागतो. मगच जुळवणी. ती दोघांनी स्वतंत्रपणे करायची आणि मतभेद तिसऱ्यापुढे ठेवायचे. वरच्या उदाहरणात एक जुळणी नजरेतून सुटली, ९ च्या जागी ८ झाल्या, तर अंदाज ८९ वरून ९९ वर जातो. एका दुर्लक्षित खाचेमुळे दहा डॉल्फिन ‘वाढतात’. पराच्या खाचा दोन्ही बाजूंनी दिसतात, पण ओरखडे एकाच बाजूला. ओरखड्यांवर विसंबायचे तर डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजावी लागते.

मच्छीमारांशी बोलणे

होडी बाहेर पडत नाही त्या दिवशी गावात बसून बोलण्याला खर्च नाही, आणि छायाचित्रांतून न मिळणारे उत्तर तिथे मिळते: डॉल्फिन आणि जाळे यांची गाठ कुठे पडते? ‘तुमच्या जाळ्यात डॉल्फिन सापडला का?’ असा प्रश्न विचारला की उत्तर ‘नाही’च येणार. अनुसूची १ चा प्राणी आहे, गुन्ह्याची भीती आहे, आणि विचारणारा सरकारी आहे की काय अशी शंकाही. त्याऐवजी जाळ्यापासून सुरुवात करावी: “काका, गेल्या हंगामात जाळे कशाकशाने फाटले? तेव्हा किती वाव पाण्यात होतात?” खोली वावातच विचारावी, मीटरमध्ये विचारली की अंदाजाने गोल आकडा मिळतो. जाळ्याच्या आसाची (डोळ्याची) लांबी, जाळे पाण्यात किती तास, कोणत्या महिन्यात, हे आधी. डॉल्फिनचा विषय बहुतेक वेळा समोरूनच निघतो, जाळ्यातला मासा पळवण्याच्या तक्रारीतून. ती तक्रार खरी नुकसानीची असते आणि तितक्याच गांभीर्याने लिहून घ्यावी.

नाव, होडीचा क्रमांक, नेमकी जागा नोंदवायची नाही. गाव, जाळ्याचा प्रकार, महिना पुरे. सुरुवातीलाच सांगावे की उत्तरे कुणा अधिकाऱ्याकडे जाणार नाहीत, आणि ते शब्दशः पाळावे. संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले तर राज्य सरकारच्या योजनेत २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. डिसेंबर २०१८ पासूनची ही योजना अनेकांना अजून माहीत नसते. अर्जाला सुटकेचे छायाचित्र लागते, ही एक ओळ छापील पत्रकावर मोठ्या अक्षरात असावी. ३,५०० रुपयांच्या त्या शेवटच्या खर्चाचा सगळ्यांत थेट उपयोग हाच.

अहवाल

देणाऱ्या संस्थेला सहसा दोन-चार पानांचा अहवाल आणि खर्चाचा हिशेब पुरतो. पेट्रोलची पावती पंपावरच्या औष्णिक कागदावर असते आणि तीन महिन्यांत कोरी होते. त्याच संध्याकाळी तिचे छायाचित्र काढावे. तांडेलाकडून तारीख, रक्कम आणि सही असलेली साधी पावती घ्यावी. आखलेले १२ दिवस ९ च झाले तर तसेच लिहावे, कारण सांगावे, आणि उरलेल्या १८,००० रुपयांचे काय करायचे ते विचारावे. परवानगी न घेता ते दुसऱ्या बाबीवर खर्चले तर पुढचे अनुदान विसरावे लागते.

अहवालात किती तास, किती किलोमीटर, समुद्राच्या कोणत्या अवस्थेत काम झाले ते पहिल्या पानावर हवे; डॉल्फिनची संख्या त्यानंतर. परांचा छायाचित्र-संग्रह प्रत्येक प्राण्याला क्रमांक देऊन, पहिल्या आणि शेवटच्या दर्शनाच्या तारखांसह यजमान संस्थेकडे आणि कांदळवन कक्षाकडे ठेवावा. गट नेमके कुठे दिसले ते नकाशे मात्र खुले टाकू नयेत. पर्यटकांच्या होड्यांना तो थेट पत्ता होतो. दोन किलोमीटरच्या चौकटींत एकत्र केलेली माहिती छापावी. पुढच्या हंगामाच्या अर्जात हाच संग्रह पहिल्या टप्प्याचे काम करतो: सहा दिवसांची एक फेरी, होडीचे ३६,००० रुपये, आणि कोणते डॉल्फिन वर्षभराने परतले याचे उत्तर.